एक पाण्याखाली, एक काठावर



ओळखीची माणसं आम्हाला नेहमी विचारतात, "एवढ्या लांब कॅरिबियन समुद्रात सुट्टीला कशाला जाता? एकाला बुड्या मारायचं वेड, आणि दुसरीला पाण्याची भीती. जमतं तरी कसं?" सुरुवातीला जमलं नव्हतंच. म्हणून हे चार शब्द.

आमच्यातल्या एकाने वयाच्या बावन्नाव्या वर्षी एलातला जाऊन स्कूबा डायव्हिंग शिकून घेतलं. दुसरी अलिबागजवळची. समुद्राची गाज ऐकत वाढली, पण पाणी गुडघ्याला लागलं की मागे फिरते. तिचं म्हणणं सरळ आहे. "आपले वाडवडील गलबत फुटल्यावर जीव वाचवून नौगावच्या किनाऱ्याला लागले, आणि तुम्ही पैसे भरून परत पाण्यात जाता!"

2012 साली आम्ही बोनेर बेटावर गेलो. बेट पाण्यातल्याने निवडलं, काठावरचीला विचारलंच नाही. बोनेर म्हणजे डायव्हरांचं माहेर. बेटाभोवतीचा समुद्र 1979 पासून राखीव आहे. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड असतात, त्यांवर जागेचं नाव. गाडी थांबवायची, हवेची टाकी पाठीला बांधायची आणि चालत पाण्यात शिरायचं. पण काठावरचीने काय करायचं? ऊन, निवडुंग आणि खडकाळ किनारा. फ्लेमिंगो पाहून झाले, मिठागरंही पाहून झाली.

चौथ्या दिवशी पन्नास मिनिटांत येतो म्हणून गेलेला माणूस सव्वा तास झाला तरी आला नाही. प्रवाहाबरोबर तो पुढे गेला आणि दुसऱ्याच पिवळ्या दगडापाशी बाहेर निघाला. टाकी वाहत रस्त्याने परत आला. इकडे किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. मदत मागावी तर कुणाकडे? गाडीची किल्ली कुठे ठेवलीय तेही तिला ठाऊक नव्हतं. तो आला तेव्हा भांडण झालं नाही. ती बोललीच नाही, आणि तेच जास्त लागलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "तुम्हाला खाली मासे दिसतात. मला वर फक्त घड्याळ दिसतं."

त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला. डायव्हर कुठेही रमतो, तेव्हा जागा निवडायची ती काठावरच्या माणसासाठी.

मग आम्ही नकाशा घेऊन बसलो. ग्रँड केमनला समुद्रात एक वाळूचा उथळ पट्टा आहे. तिथे कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पाकट मासे जवळून पाहता येतात. बाकी माणसांना लांबलचक पुळण आहे. पण ते बेट चक्रीवादळांच्या वाटेवर आहे. 2004 च्या सप्टेंबरात 'आयव्हन' वादळाने तिथे फार नुकसान केलं. वादळाचा हंगाम जून ते नोव्हेंबर, म्हणून तिथे त्या महिन्यांत जायचं तर विचार करूनच. मेक्सिकोचं कोझुमेलही चांगलं. एकाने प्रवाहात डायव्हिंग करावं, दुसऱ्याने माया लोकांचे जुने अवशेष पाहावेत. पण दोघं दिवसभर दोन दिशांना.

शेवटी 2015 मध्ये कुरासाव ठरलं. ॲमस्टरडॅमहून साधारण दहा तासांचं विमान. वादळांचा मुख्य पट्टा या बेटाच्या उत्तरेला राहतो. डायव्हिंग इथेही किनाऱ्यावरूनच होतं, पण बऱ्याच ठिकाणी किनाऱ्याला सावली, खुर्ची आणि चहापाण्याची सोय असते. आणि विलेमस्टाड हे रंगीत घरांचं खरंखुरं शहर हाताशी आहे. तिथे 1888 पासूनचा तरंगता पूल आहे. जहाज आलं की सगळा पूल दाराच्या फळीसारखा बाजूला होतो. काठावरचीने तो तीनदा पाहिला!

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघं तिथल्या सिनेगॉगमध्ये गेलो. इमारत 1732 सालची, आणि जमिनीवर चक्क वाळू. कोणी म्हणतं, ती वाळवंटातल्या भटकंतीची आठवण. कोणी म्हणतं, पोर्तुगाल-स्पेनमध्ये लपून प्रार्थना करताना पावलांचा आवाज होऊ नये म्हणून वाळू पसरत, त्याची. काठावरची हळूच म्हणाली, "बघा, देवाच्या घरातही पुळण." तीन वर्षांनी ती आमच्याशी अशी मोकळी हसली.

मुलांनो, आता एक गंमत. पाण्याखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो. लगेच विमानात बसलं तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे अंगात बुडबुडे होऊ शकतात. म्हणून बरेच दिवस बुड्या मारल्या, तर विमानाआधी निदान 18 तास कोरडं राहायचं. म्हणजे शेवटचा दिवस आपोआप काठावरच्या माणसाचा! आम्ही तो आधीच तिच्या नावावर लिहून ठेवतो. बुड्या फक्त सकाळी, दुपारपासून दोघं एकत्र. किती वाजता आणि कुठून बाहेर येणार, ते कागदावर लिहून द्यायचं, किल्ली काठावरचीकडे. आणि आमच्या वयाच्या मंडळींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय टाकी पाठीवर घेऊ नये.

कुरासावला काराकास बे जवळ एक छोटी टगबोट बुडालेली आहे, जेमतेम पाच मीटर खोल. सहाव्या दिवशी काठावरची स्वतःहून म्हणाली, "मला वरून तरी दाखवा." पायात रबरी बूट, अंगात जीवरक्षक जाकीट, एका हाताने वाटाड्याची तरंगती कडी घट्ट धरलेली. तिने काचेचा मुखवटा लावून तोंड पाण्यात घातलं. खाली बोट होती, बोटीपाशी तिचा नवरा होता, आणि त्याच्या श्वासाचे बुडबुडे सरळ तिच्याकडे वर येत होते.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आता खुशाल जा. तुम्ही खाली काय करता ते मी पाहिलंय."

पाणी गुडघ्याला लागलं की ती अजूनही मागे फिरते. पण पुढच्या सुट्टीचा नकाशा आता तीच उघडते.