बलक

आखाडातली संध्याकाळ होती. दौंडहून आत्या आणि मामा अवचित आले. न्हावऱ्याच्या फाट्यावर उतरून आमच्या वस्तीपर्यंत चालत येईतो दिवेलागण होऊन गेली होती. वडील मला म्हणाले, "डालग्याखालची तांबडी आण." तांबडी म्हातारी होती, अंडी घालायचे तिने केव्हाच सोडले होते. मी तेव्हा सातवीत होते. वीज गेलेली. अंधारात हाताला लागली ती कोंबडी मी पायाला धरून ओढली आणि चुलत्याच्या हाती दिली. कंदील आला तेव्हा दिसले की ती तांबडी नव्हती, ठिपक्यांची कवडी होती. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

कवडी अंड्यावर होती. आईने तिला परातीत साफ करायला घेतले आणि तिचा हात थबकला. पोटात पिवळ्या बलकांचा घड होता. एक लिंबाएवढा, मग सुपारीएवढा, मग बोराएवढा, वाटाण्याएवढा, आणि बुडाशी मोहरी सांडावी तसे असंख्य दाणे. आई बोटाने एकेक बाजूला सारीत पुटपुटली, "हे परवाचं, हे तेरवाचं, हे बाजारच्या दिवसाचं..." अशी पाच मोजली. उद्यापासून का मोजले नाही, हे माझ्या मनात आले. विचारायची छाती झाली नाही. कवडीची अंडी दुकानात जात आणि त्या पैशांतून माझ्या वह्या येत. आई रागावली असती तर बरे झाले असते. रात्री ते बलक रश्श्यात शिजले आणि तिने ते माझ्याच ताटात वाढले. मी ते कसे गिळले, माझे मला ठाऊक.

गेल्या वर्षी आपल्या ग्रंथालयात मराठी विश्वकोशाचा पहिला खंड हाती आला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ साली निघालेला हा खंड 'अंक' या शब्दापासून सुरू होतो. 'अं'ची ती पाने चाळता चाळता मला परातीतला घड आठवला आणि मी प्राणिशास्त्राच्या कपाटापाशी जाऊन उभी राहिले. कला शाखेची मुलगी इकडे काय करते आहे, असे विचारलेही गेले.

पहिला अडथळा शब्दांचा. शास्त्राच्या पुस्तकात बलक फार वेळ टिकत नाही; त्याच्या जागी 'पीतक' येतो. पीत म्हणजे पिवळे, अर्थ एवढाच. इंग्रजीतला 'योक'ही 'यलो'च्याच कुळातला. लॅटिनमध्ये मात्र 'विटेलस' म्हणतात, आणि त्याचा दुसरा अर्थ आहे लहानसे वासरू. अंड्यातल्या पिवळ्याला वासरू म्हणणारी ती माणसे मला एकदम आमच्या गोठ्यातली वाटली. याच शब्दावरून १९६९ साली, किड्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी, एका प्रथिनाला 'व्हिटेलोजेनिन' असे नाव दिले. सगळी गोष्ट त्या प्रथिनाचीच आहे.

बलक जिथे दिसतो तिथेच, म्हणजे अंडाशयात, तयार होत असेल अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. कोंबडी वयात आली की अंडाशयातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्तात उतरते आणि त्याच्या सांगण्यावरून यकृत कामाला लागते. हे प्रथिन आणि चरबीचे सूक्ष्म कण यकृतात बनतात, रक्तातून अंडाशयापर्यंत जातात, आणि तिथली अंडपेशी ते ओढून घेऊन साठवते. मोहरीएवढे दाणे किती तरी दिवस तसेच पडून असतात. पण पाळी आली की शेवटच्या आठ-दहा दिवसांत दाण्याचा लिंबाएवढा बलक होतो. सगळे एकदम वाढत नाहीत. एकामागे एक, रांगेने. आईचे बोट ज्या क्रमाने फिरले होते तोच क्रम आकृतीत होता. बाजारचा दिवस तेवढा लिहिलेला नव्हता.

मग जिकडे तिकडे मला बलकच दिसू लागला. दौंडला आत्याकडे भीमेचे मासे येतात. त्यातली गाबोळी म्हणजे माशाच्या यकृतातून आलेल्या अशाच प्रथिनाने भरलेली अंडी. वसतिगृहात रात्री चावणारा डास ही मादी असते, आणि आपले रक्त ती अंड्यांतल्या पीतकासाठीच नेते. गावठी अंड्याचा बलक गडद असतो; आत्या म्हणते, ताकद जास्त. खरे तर तो रंग मक्यातून आणि हिरव्या पाल्यातून उतरतो, आणि खाद्यात झेंडूचा अर्क मिसळला की पोल्ट्रीच्या अंड्यालाही चढतो. हे मी आत्याला अजून सांगितलेले नाही, कारण आमची गावठी अंडी ती चार पैसे जास्त देऊन घेते.

माणसाच्या गर्भालाही सुरुवातीला पीतककोश असतो, पण त्यात पीतक नसते. २००८ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांना आपल्या जनुकांत व्हिटेलोजेनिनचे मोडके अवशेष सापडले. आपल्या दूरच्या पूर्वजांत आईचे दूध आले, पुढे गर्भ पोटातच वाढू लागला, आणि बलकाची गरज सरली.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईला सांगितले, "बलक यकृतात तयार होतो."

"यकृत म्हंजी?"

"काळीज."

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मग? अंड्यावरच्या कोंबडीचं काळीज पिवळं पडतं. हाताला मऊ लागतं. म्हातारीचं तसं नसतंय."

अंडी घालणाऱ्या पक्ष्याचे यकृत चरबीमुळे मोठे व फिकट होते, हे वाक्य मी ग्रंथालयात बसून वहीत उतरवून घेतले होते.

मग मी इतक्या वर्षांचे विचारलेच. "आई, कवडी कापली त्या रात्री तू परवापासून का मोजलंस? उद्याचं का नाही?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"उद्याचं नळीत उतरलं होतं. कवच धरायचं राहिलं होतं," ती म्हणाली. "सहा होती."