पहिले पैसे टायरला

साध्या रोडबाइकवर खर्च करायचा तर किती करावा आणि कुठे करावा, यावर दिवाळी अंकासाठी लिहा, असा संपादकांचा फोन आला. एरवी मी नाही म्हटलं असतं. हातात पाना धरणाऱ्या माणसाला लेखणी पेलत नाही. पण त्या दिवशी माझ्यासमोर स्टँडवर एक सायकल लावलेली होती आणि तिच्याकडे बघून मला गप्प बसवेना.

सायकल पहिल्या पायरीची. ॲल्युमिनियमची फ्रेम, शिमानो क्लॅरिसचे मागे आठ गिअर, रिमवर घासणारे ब्रेक. मालक पंचविशीतला. त्याने सायकलीच्या किमतीहून जास्त पैसे मोजून ऑनलाइन कार्बनची चाकं मागवली होती. ज्या दुकानात ती बसवली, तिथे ब्रेकचे रबर जुनेच ठेवले. जुलैत सिंहगड उतरताना पाऊस आला, याने ब्रेक आवळले, सायकल थांबलीच नाही. वळणावर रस्त्याकडेच्या चरात गेला आणि मनगट मोडलं.

मी ते रबर काढून उजेडात धरले. तोंडावर काचेसारखी चकाकी आली होती आणि त्यात आधीच्या चाकांची ॲल्युमिनियमची बारीक कुसळं रुतून बसली होती. त्या कुसळांनी नव्या कार्बनवर गोल चरे पाडले होते. कार्बनच्या रिमला वेगळे पॅड लागतात, पावसात ती रिम उशिरा धरते, आणि लांब उतारावर सतत ब्रेक धरून ठेवला तर हलक्या प्रतीची कार्बन रिम तापून मऊ पडते. यातलं एक अक्षरही त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. प्लास्टरमधला हात सांभाळत त्याने मला विचारलं, “मग आता कुठली चाकं घेऊ?” तो प्रश्न अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

नवीन सायकलवाल्यांची सगळी चर्चा वजनाभोवती फिरते. दुकानात शिरला की माणूस दोन बोटांनी सायकल उचलून बघतो. आता हिशोब करू. माणूस, सायकल, पाण्याची बाटली, हत्यारं मिळून ८५ किलो धरा. त्यातला एक किलो कमी केला, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आत. गोळेवाडीपासून सिंहगडाच्या वाहनतळापर्यंतचा आठ-नऊ किलोमीटरचा चढ ५० मिनिटांत चढणाऱ्याचे त्यामुळे अर्ध्या मिनिटाच्या आसपास वाचतील. सपाट रस्त्यावर तेवढेही वाचणार नाहीत, कारण तिथली लढाई हवेशी असते. वेग २५ वरून ३० वर न्यायचा, तर हवा कापायला जवळजवळ पावणेदोन पट ताकद लागते. तिथे किलोभर धातूचा काय पाड! शर्यतीतल्या सायकलींनाही आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ६.८ किलोची खालची मर्यादा घातली आहे. आपली साडेदहा किलोची सायकल काही पाप करत नाही.

मग पैसे कुठे घालायचे? माझं मत ठाम आहे. सायकल जिथे रस्त्याला टेकते आणि जिथे आपल्या अंगाला टेकते, तिथे आधी. म्हणजे टायर, ब्रेकचे रबर, सीट. त्यानंतर गिअर. बाकी सगळं उरलेल्या पैशांतून.

टायरबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण या एका विषयावर माझे जितके वाद झाले तितके दुसऱ्या कशावर झाले नाहीत. ‘हवा टाइट ठेव, सायकल पळते,’ हे वाक्य पुण्यात प्रत्येक पंक्चरवाल्याच्या आणि प्रत्येक काकांच्या तोंडी आहे. रोज सकाळी कोणीतरी पंपाचा काटा १२० पीएसआयला नेऊन टायरवर अंगठा दाबतं आणि खूश होतं.

टायर लोळताना ताकद कुठे खर्च होते ते पाहा. रस्त्याला टेकणारा टायरचा भाग दबतो, पुढे गेला की परत सुटतो. या दबण्या-सुटण्यात रबर आणि आतलं कापड वाकतं आणि थोडी शक्ती उष्णता होऊन जाते. हवा वाढवली की वाकणं कमी होतं, म्हणून ‘टाइट हवा’वाल्यांचं म्हणणं काचेसारख्या गुळगुळीत रस्त्यावर खरं आहे. पण आपला रस्ता तसा नाही. डांबरातून खडी वर आलेली असते, ठिगळं असतात, गतिरोधक असतात. दगडासारखा टायर प्रत्येक खड्यावर दबण्याऐवजी सायकलीला आणि माणसाला वर उचलतो. ते उचलणं तुमच्याच पायांतल्या ताकदीतून होतं. तळहाताला मुंग्या येतात, पाठ भरून येते, ती इथेच. एका मर्यादेपुढे हवा वाढवली की सायकल वेगवान वाटते, प्रत्यक्षात मंदावते. ही वाटण्याची गोष्ट फार फसवी आहे. थरथर जास्त, म्हणून वेग जास्त, असं मन ठरवून टाकतं.

आता रुंदी. मागच्या चाकावर ४५ किलो भार धरा. ७० पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण ४.९ किलो. टायर कितीही रुंद असो, रस्त्याला टेकणारं क्षेत्र नऊ चौरस सेंटिमीटरच्या आसपासच येणार. अरुंद टायरमध्ये तो ठसा लांबट आणि चिंचोळा होतो, रुंद टायरमध्ये आखूड आणि पसरट. आखूड ठशात टायरची बाजू कमी वाकते. म्हणून तेवढ्याच हवेत २८ मिलिमीटरचा टायर २३ च्या टायरपेक्षा हलका लोळतो. व्यावसायिक शर्यतींतले स्वारही याच कारणाने २३ वरून २५, २५ वरून २८ वर गेले. आपल्याकडे मात्र अजून ‘बारीक टायर म्हणजे रेसिंग’ हेच चालू आहे. बेलफास्टमधल्या जॉन डनलॉपने १८८८ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, ते मुलाच्या तीनचाकीचे धक्के कमी करण्याच्या खटपटीतून. भरीव रबर मागे पडलं आणि हवा आली. तीच हवा आपण परत भरीव करून ठेवतो, याचं मला वाईट वाटतं.

कंपनीकडून साध्या सायकलीला येणारे टायर बहुधा जाड आणि ताठर असतात. चांगल्या लवचीक कापडाचे टायर घातले, तर २८ च्या वेगाला १५-२० वॅट वाचू शकतात. नवा सायकलस्वार तासभर १२०-१५० वॅट देत असतो, त्यात ही बचत मोठी आहे. दुसऱ्या कुठल्याही वस्तूतून इतक्या पैशांत इतकं मिळत नाही. ७० किलोच्या माणसाने २८ च्या टायरमध्ये पुढे ६५-७० आणि मागे ७५-८० पीएसआयपासून सुरुवात करावी. फार कमी केली तर खड्ड्याच्या कडेला रिम ट्यूबला चावते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तशी भोकं दिसली की पाच पीएसआय वाढवा. पटत नसेल तर एखादा उतार धरा, पायडल न मारता एकाच जागेवरून सायकल सोडा आणि वेगवेगळ्या हवेला ती कुठवर जाते ते खुणा करून पाहा. फक्त टायर विकत घेण्याआधी फ्रेमच्या चिमट्यात आणि ब्रेकखाली जागा किती आहे ते मोजा. टायरभोवती चार मिलिमीटर मोकळे राहायलाच हवेत.

ब्रेकबद्दल थोडक्यात. साध्या सायकलीचे रबर कडक असतात. मऊ, चांगल्या प्रतीचे रबर काही शे रुपयांत येतात आणि सोबत नवी केबल घातली तर तोच ब्रेक वेगळा वाटतो. रिमब्रेकच्या सायकलीला डिस्क बसवून द्या, अशी मागणी घेऊन लोक येतात. फ्रेमला आणि फोर्कला डिस्कची जागाच नसते, तो हट्ट सोडावा. आणि ‘पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील’ ही लहानपणची शिकवणही सोडावी. थांबताना सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होऊन घसरतं. नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला कोरड्या रस्त्यावरही जवळपास दुप्पट अंतर लागतं. दोन्ही ब्रेक, पुढचा जास्त पण झटका न देता, अंग मागे सरकवून. उतारावर हात हँडलच्या खालच्या वाकात हवेत, तिथून लिव्हरला जोर मिळतो. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही.

गिअरबाबत लोक संकोच करतात. पुढे ३४ दातांचं लहान चक्र आणि मागे सर्वांत मोठं २८ चं असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर जाते. मागे ३४ चं असेल तर दोन मीटर आणि वर दहा सेंटिमीटर. ताशी आठ किलोमीटरने घाट चढणाऱ्याचे पाय पहिल्यात मिनिटाला ५२ वेळा फिरतात, दुसऱ्यात ६३ वेळा, आणि प्रत्येक दाबाला जोर अठरा टक्के कमी लागतो. खंबाटकीत किंवा पसरणीत गुडघा दुखतो तो या फरकाने. तरी मागच्या चक्रांची ‘मोठी कॅसेट म्हणजे म्हाताऱ्यांची’ म्हणून तरुण मुलं ती नाकारतात. आठ गिअरमध्ये ११-३४ची कॅसेट मिळते. चेन सरकवणाऱ्या मागच्या डिरेलरचा पिंजरा आखूड असेल तर तो तिला पेलत नाही, आणि चेनही लांब घ्यावी लागते, म्हणून आधी मेकॅनिकला विचारा.

सीटची उंची फुकट आहे, तरी तीच सर्वांत चुकलेली असते. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असं लोकांना वाटतं. तसं टेकत असतील तर सीट खाली आहे. अनवाणी उभं राहून पायाच्या आतल्या बाजूची उंची मोजा, तिला ०.८८३ ने गुणा. ८० सेंटिमीटरला ७०.६ येतात. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर ठेवा. फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांची ही रीत, तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमंडने ती जगभर नेली. हा आकडा सुरुवातीचा, पुढे अर्ध्या सेंटिमीटरने वरखाली करत जा. पायडल तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे.

हे सगळं सांगताना मी थकतो, हे लपवत नाही. ग्रुपवर कोणाच्या तरी कार्बन सायकलीचा फोटो पडतो आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे चार धडधाकट सायकली ‘विकून द्या’ म्हणून येतात. कधी शंका येते, की लोकांना सायकल चालवायची आहे की बदलायची आहे? तरी कोणी दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची स्वारी, पुरी करून सायकल घेऊन आत येतो तेव्हा बरं वाटतं. त्या स्वारीला साडेतेरा तास मिळतात. चहा, जेवण, पंक्चर धरून सरासरी ताशी पंधराच्या आतच पडते. आठ गिअरची ॲल्युमिनियमची सायकल त्याला पुरून उरते. मी स्वतः जुळवून दिलेल्या अशा सायकली घाट चढून आल्या आहेत, याचा मला अभिमान आहे.

त्या तरुणाला मी कंपनीची जुनी चाकं परत लावायला सांगितली. त्यांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून दिला, मऊ रबर, नव्या केबल आणि २८ चे टायर घातले. हात बरा झाला की तो येईल, न येईल.

दिवाळीनंतर आपल्याकडे सायकलीचा खरा मोसम सुरू होतो. बोनस हातात असेल तर माझी एवढी विनंती ऐका. आधी सीटची उंची नीट करा, त्याला खर्च नाही. मग टायर घ्या, ब्रेकचे रबर आणि केबल बदला. चेन मोजा: नव्या चेनच्या बारा जोड्या बरोबर बारा इंच भरतात, एक सोळांश इंच वाढली असेल तर बदला, नाहीतर ती कॅसेटही खाऊन टाकते. घाट करणार असाल तर कॅसेट मोठी घ्या. हेल्मेट आणि मागचा दिवा असलाच पाहिजे. एवढं करून वर्षभर चालवा. त्यानंतरही कार्बन हवंसं वाटलं तर जरूर घ्या, तोवर काय घ्यायचं ते तुमचं तुम्हालाच कळलेलं असेल.