एका घंटीचा निरोप

फोन वाजला की तो तत्परतेने उचलावा, असा जगाचा शिष्टाचार आहे. आम्ही मात्र एक संबंध हंगाम रोज रात्री घंटी ऐकली आणि फोन उचलला नाही. त्या न उचलण्यातच सारा निरोप भरलेला होता.

गोष्ट 2004 च्या दिवाळीनंतरची. आम्ही तेव्हा मुखेडला होतो. बालाघाटच्या डोंगरातला हा तालुका. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. दिवाळी सरली की वाड्या-तांड्यांवरून माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल आधीच खर्ची पडलेली असते. ती फेडण्यासाठी नवरा-बायकोचा एक कोयता चार-पाच महिने दूरच्या फडावर राबतो. मागे उरतात ती म्हातारी माणसे. त्यांना लेकरांची खुशाली कळायची ती एखाद्या पोस्टकार्डाने, नाहीतर अधूनमधून परतलेल्या कुणाच्या तोंडून.

आमच्या शेजारच्या आजींचा मुलगा आणि सून असेच निघाले. त्यांच्या टोळीत एकाकडे मोबाईल होता, आजींकडे अर्थातच नव्हता. जाण्यापूर्वी मुलगा आम्हांला म्हणाला, "फादर, रात्री नऊला एक घंटी देतो. उचलू नका. घंटी आली की आम्ही बरे हाव असं आईला सांगा. लागोपाठ तीन आल्या, तर मात्र तुम्ही लावा."

ही युक्ती आम्हांला किंचित कंजूषपणाची वाटली, हे कबूल केले पाहिजे. पण हिशेब त्याला आमच्याहून चांगला ठाऊक होता. 31 जुलै 1995 रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला, केंद्रीय मंत्री सुखराम यांना, देशातला पहिला मोबाईल फोन केला. त्या काळी एका मिनिटाला 16 रुपयांपर्यंत पडत आणि आलेला फोन ऐकण्याचेही पैसे मोजावे लागत. 1999 च्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांचे ठरावीक परवाना शुल्क जाऊन उत्पन्नातला वाटा सरकारला देण्याची पद्धत आली. स्पर्धा वाढली, दर कोसळले. 2003 साली येणारे फोन मोफत झाले आणि 2004 सालीच देशातल्या मोबाईलांची संख्या तारेच्या फोनांपुढे गेली. बोलण्याला मात्र पैसे पडतच होते. न उचललेली घंटी तेवढी दोन्हीकडे फुकट! बांगलादेशात 1997 पासून ग्रामीणफोनच्या योजनेत खेड्यातली एखादी बाई कर्ज काढून मोबाईल घेई आणि मिनिटाच्या दराने गावाला बोलू देई. आमचे घर तसेच एक केंद्र झाले. फक्त येथे कुणी बोलत नव्हते.

नऊच्या सुमारास आजी ओट्यावर येऊन बसत. घंटी वाजे, आम्ही मान हलवत असू आणि त्या निमूटपणे जेवायला जात.

पौषातल्या एका रात्री आम्ही बाहेरून थकून आलो आणि फोन बंद करून झोपलो. एका दिवसाने असे काय होणार, असे मनाशी म्हटले. सकाळी दार उघडले तो आजी ओट्यावरच. रात्रीची भाकर तशीच राहिली होती.

"घंटी आली नाही का वो, फादर?"

फोन आम्हीच बंद ठेवल्याचे सांगताना आमची मान खाली गेली. आजींचा चेहरा मात्र उजळला. "मग ठीक हाय. तुमचा बंद होता, त्याचा नाही." रागाचा एक शब्द न बोलता त्या घरी गेल्या. त्यानंतर त्या हंगामात आम्ही फोन कधी बंद ठेवला नाही.

पुढे आमची बदली झाली. गेल्या वर्षी त्याच मुलाचा फोन आला. तो आता हैदराबादेत बांधकामावर आहे. "चार दिवस आईचा फोन लागत नाही, फादर." आम्ही मुखेड गाठले. आजी ऐंशीच्या घरातल्या. कोनाड्यात बटणांचा छोटा मोबाईल. तो बिघडला असे समजून त्या दुरुस्तीसाठी दुकानातही जाऊन आल्या होत्या. बिघडले काहीच नव्हते. रिचार्जची मुदत संपली होती, म्हणून येणारे फोन बंद!

2018 च्या अखेरीस कंपन्यांनी येणाऱ्या फोनांसाठीही किमान रिचार्जची अट घातली. इंटरनेट नको असलेल्यांसाठी केवळ बोलण्याचा आणि संदेशांचा वेगळा पॅक ठेवावा, असा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर 2024 मध्ये केला. तो स्वागतार्हच आहे. तरी ज्याला कुणाला फोन करायचाच नाही, नुसती वाट पाहायची आहे, त्यालाही वाट पाहण्याचे मोल आधी भरावे लागते. 2004 सालच्या गरिबाने शोधलेली फुकटची वाट आजच्या गरिबाला उरलेली नाही.

आम्ही रिचार्ज करून दिला आणि मुलाला तसे कळवले. रात्री नऊला फोन वाजला. आजींनी तो हातात धरला, पण उचलला नाही.

"उचला, आजी. आता त्याला पैसे पडत नाहीत."

"कशाला वो?" त्या म्हणाल्या. "बरा हाय तो."

आणि त्या जेवायला उठल्या.