दुभाष्याचा दोष, डिस्कला शिक्षा

लॅपटॉप बिघडला की गावोगावी हल्ली एकच उपाय सांगितला जातो : सारे पुसून टाका आणि विंडोज नव्याने घाला. उपाय खोटा नाही. परंतु ज्या घरात एकच लॅपटॉप आहे आणि त्यातच मुलीचे वर्षभराचे श्रम साठविलेले आहेत, त्या घरास तो फार महाग पडतो. आमच्या धर्मग्रामातील एका शेतकऱ्याच्या मुलीवर असाच प्रसंग आला. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा तिचा अहवाल आठ दिवसांत द्यावयाचा होता, आणि लॅपटॉप निळा पडदा दाखवून पुनःपुन्हा बंद पडत होता. शहरातील एका दुकानात निदान झाले की डिस्क मेली. नवी घालावी लागेल, जुनीतले काही मिळणार नाही. उसाचे बिल अजून हाती आले नव्हते. बापलेक लॅपटॉप पिशवीत घालून आमच्याकडे आले.

"दुकानात नेण्यापूर्वी तू यात काय घातले होतेस, बाळ?" आम्ही विचारले.

"आवाज नीट येत नव्हता, फादर. म्हणून ड्रायव्हर अपडेट करणारा एक फुकटचा प्रोग्राम घातला. त्याने एकदम चौदा ड्रायव्हर बदलले."

येथेच आम्हांस डिस्कच्या मृत्यूविषयी शंका आली. ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. आम्हां सीमाभागातील लोकांस दुभाष्याचे महत्त्व सांगावयास नको. कचेरीतला कागद कानडीत आणि आजोबा मराठीत, अशा वेळी मधला मनुष्य चुकीचे सांगू लागला तर दोन्ही बाजू शहाण्या असूनही काम बिघडते. लॅपटॉपातही पडदा, ध्वनी, वायफाय, डिस्क या प्रत्येकाशी विंडोज ड्रायव्हरमार्फतच बोलते. ते बोलणे चुकले तर सबंध यंत्र कोसळते. दिनांक 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या ड्रायव्हरला पुरविलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभर सुमारे 85 लाख संगणक असेच निळे पडले होते, आणि आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले होते. त्यांतील एकाचीही डिस्क मेलेली नव्हती.

विंडोज लागोपाठ दोनतीन वेळा नीट सुरू झाले नाही की ते आपण होऊन दुरुस्तीचा पडदा पुढे करते. तेथून 'सेफ मोड' निवडता येतो. यात बाहेरचे बहुतेक ड्रायव्हर बाजूस ठेवून केवळ आवश्यक तेवढ्यांवर काम चालते. मात्र त्याआधी लॅपटॉपाने 48 अंकी किल्ली मागितली. डिस्कवरील मजकूर कुलूपबंद असला की ही किल्ली लागते, आणि ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. मुलीने मोबाइलवर ते खाते उघडले. वडिलांनी एकेक अंक मोठ्याने वाचला, आम्ही टाइप केला. नमाजलेल्या बैलाला गोंजारावे तसा त्यांचा स्वर हळू होता. शेवटचा अंक पडला आणि पडद्यावर मोठमोठी, ओबडधोबड अक्षरे उमटली. मेलेल्या डिस्कवरून विंडोज सुरू होत नसते! अहवाल तेथेच होता. तो प्रथम पेन ड्राइव्हवर घेतला, मग दुसऱ्या पेन ड्राइव्हवर. त्यानंतरच मुलीने पाणी मागितले.

एखाददुसरा ड्रायव्हर बिघडला असता तर तेवढाच काढून जुना परत घातला असता. चौदा बदललेले, आणि कोणता कोठून आणलेला याचा पत्ता नाही, म्हणून विंडोज नव्यानेच घालण्याचे ठरविले. धर्मग्रामाच्या संगणकावर 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज उतरवून घेतले. तो लावला तर यादीत डिस्कच दिसेना. दुकानदाराने बहुधा हाच कोरा पडदा पाहिला असावा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या कित्येक लॅपटॉपांत डिस्क ओळखण्यासाठी वेगळा स्टोरेज ड्रायव्हर लागतो, आणि तो पेन ड्राइव्हवर असतोच असे नाही. लॅपटॉपाच्या पाठीवरील मॉडेल क्रमांक पाहून तो उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घेतला, 'लोड ड्रायव्हर' म्हटले, आणि डिस्क मुकाट्याने यादीत येऊन बसली. त्या दुकानदारास लबाड म्हणण्यास आमचे मन धजत नाही. तथापि रोग्याची नाडी न पाहता मरणाचा दाखला देणे हेही बरे नव्हे.

पुढचे काम सोपे होते. वायफाय चालेना, तेव्हा मोबाइल केबलने जोडून त्याचेच इंटरनेट दिले. राहिलेले बहुतेक ड्रायव्हर विंडोजने स्वतः आणले. परवान्याचे पैसे पडले नाहीत, कारण विंडोजसह विकत घेतलेल्या लॅपटॉपाची परवाना-किल्ली बहुधा त्याच्या मदरबोर्डातच असते. ज्या आवाजासाठी हे सारे रामायण घडले, तो आवाजही उत्पादकाचा ड्रायव्हर घालताच आला.

अहवाल मुदतीच्या दोन दिवस आधी सादर झाला. बोटाचा ठसा ओळखणारा भाग अजून मुका आहे. त्याचा ड्रायव्हर शोधावयाचा आहे. तोवर मुलगी पासवर्ड टाइप करते, आणि वडिलांनी ते 48 अंक उसाच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहेत.