नेऱ्याहून एका दिवसांत

सहलीचें नांव निघालें कीं घरोघरीं दूरदूरच्या स्थळांची यादी होऊं लागते. आम्हां नेरेकरांस मात्र दिवेलागणीपूर्वीं पाहून परतावें इतका जवळचा इतिहास लाभला आहे. पनवेल मागें टाकून गोव्याच्या रस्त्यानें दक्षिणेस निघालें, कीं प्रथम शिरढोण गांव लागतें आणि पुढें कर्नाळ्याचा सुळका.

बहुतेक मंडळी थेट कर्नाळ्याच्या अभयारण्यांत पक्षी पाहावयास जातात. शिरढोण वाटेंतच राहून जातें. आम्हांस वाटतें, गांव आणि गड एकाच दिवशीं पाहावे, तरच दोहोंचा अर्थ उलगडतो. १८१८ सालीं कर्नाळा इंग्रजांच्या हातीं गेला. त्या गडाच्या किल्लेदाराचे नातू वासुदेव बळवंत फडके १८४५ सालीं शिरढोणास जन्मले. पुढें पुण्यास सरकारी नोकरींत असतां, रजा वेळेवर न मिळाल्यानें आईची अखेरची भेट त्यांस अंतरली. १८७९ सालीं त्यांनीं बंड उभारलें. त्याच सालीं ते पकडले गेले आणि १८८३ सालीं दूर एडन येथें बंदिवासांत निवर्तले.

घरांतील वडीलधाऱ्यांस गड चढवत नाहीं. त्यांनीं शिरढोणास बसून मुलांस ही हकीकत सांगावी. मग मुलांनीं गड चढून त्या गांवाकडे पाहावें. आजोबांचा गड आणि नातवाचें गांव यांतील अंतर किती थोडें, हें त्यांस डोळ्यांनीं दिसेल. आणि पुस्तकांतील सनावळी ही कोण्या एका घरची गोष्ट आहे, असें त्यांस वाटूं लागेल.