आजीचं पुस्तक कुठं आहे?

हळ्ळीखेडच्या आमच्या घरात आई मराठीत रागवायची आणि आजी कन्नडमध्ये समजूत घालायची. मी कॉलेजात असताना या आजीकडे एक संशोधक आले. चार दिवस ओसरीवर बसून, टेपरेकॉर्डर लावून त्यांनी तिची जात्यावरची गाणी उतरवून घेतली. काही मराठी, काही कन्नड. निघताना म्हणाले, "अव्वा, पुस्तक झालं की आणून देतो."

त्यांना पदवी मिळाल्याचं कळलं. पुस्तक आलं नाही. आजी मात्र दर उन्हाळ्यात विचारायची, "पुस्तक बंतेनव्वा?"

एम.ए. करताना तो प्रबंध शोधत मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. बऱ्याच विनवण्यांनंतर कपाटातून जाड बांधणीची प्रत निघाली. इथंच बसून वाचा, झेरॉक्स मिळणार नाही, असं सांगण्यात आलं. बसची वेळ होईपर्यंत बावीस गाणी वहीत उतरवली. आजीचं नाव कुठंच नव्हतं. होतं फक्त 'वृद्ध स्त्री, निरक्षर'.

रात्री तिला वाचून दाखवलं. नावाचं तिला काही वाटलं नाही. पण तिसऱ्याच गाण्याला तिनं मला थांबवलं. "हा शब्द असा नाही गं." कन्नड शब्द मराठी समजून लिहिला होता आणि सगळा अर्थच फिरला होता. त्या रात्री तिनं पाच चुका काढल्या. प्रबंध कपाटात राहिला, म्हणून चुकाही पदवीसह पक्क्या झाल्या.

2009 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं नियम केला, की प्रबंधाची संगणकीय प्रत द्यावी आणि ती सर्वांना खुली असावी. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा 'शोधगंगा' हा संग्रह त्यासाठीच आहे. आज तिथं देशभरातल्या विद्यापीठांचे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत, मराठी आणि कन्नडसुद्धा. पैसे लागत नाहीत. माझ्या विद्यार्थिनी मोबाईलवर वाचतात. शीर्षक देवनागरीत सापडलं नाही तर रोमन अक्षरांत शोधा, एवढंच त्यांना सांगते.

सहकारी म्हणतात, "मॅडम, खुलं ठेवलं की पोरं उतरवून काढतात." खरं आहे. पण कपाटातल्या प्रबंधावरूनही उतरवलं जातच होतं. फक्त पकडायला दुसरी प्रत कुणाजवळ नव्हती. उजेडात चोर दिसतो आणि चूकही दिसते.

आजीचा प्रबंध जुना, नियमाच्या आधीचा. शोधगंगेवर मला तो अजून मिळालेला नाही. जुने प्रबंध स्कॅन करून घालणं हे ज्या त्या विद्यापीठाच्या मनावर आहे.

आता माझे विद्यार्थी गावात गाणी, गोष्टी गोळा करायला निघाले, की मी दोन गोष्टी बजावते. सांगणाऱ्याला विचारून त्याचं नाव लिहा. आणि लिहून झालं की त्याच ओसरीवर परत जाऊन वाचून दाखवा.

आजी गेली. बावीस गाण्यांची वही माझ्याजवळ आहे, तिच्या पाच दुरुस्त्यांसह. पहिल्या पानावर मी तिचं नाव लिहिलं आहे.