पावणेसात मिलिमीटर

२२ जुलै २०२१ला महाडमध्ये सावित्रीचं पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर आम्ही मित्र नेरूळहून चार गाड्या भरून निघालो. पाण्याचे बॉक्स, चादरी, मेणबत्त्या, बिस्किटं, हाताला लागेल ते घेतलं होतं. माझी थार २०१४ची, जुन्या पिढीची, कापडी टपाची. गल्लीत गुडघाभर चिखल होता आणि त्या चिखलात कपाटं, गाद्या, दुकानांच्या शटरचे तुकडे. फोर बाय फोर लावून निम्मी गल्ली गेलो आणि गाडी बसली. चाकं फिरत होती, पण मागच्या डिफरेन्शियलचा लोखंडी गोळा चिखलात रुतून नांगरासारखा अडकला होता. तिथल्याच दोन पोरांनी फावड्यानं खालचा चिखल ओढून काढला, तेव्हा गाडी सुटली. स्वतःचं घर चिखलानं भरलेलं असताना ती पोरं माझी गाडी काढण्यात अर्धा तास राबली. परतताना वडखळपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं, की गाडी उंच करायची.

इथेच माझी पहिली चूक झाली. मला गाडी उंच करायची नव्हती, तो गोळा उंच करायचा होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला सात महिन्यांनी कळलं.

जुन्या थारला मागे सरळ अॅक्सल आहे. डिफरेन्शियलचा गोळा त्या अॅक्सलवरच बसलेला आणि अॅक्सल दोन चाकांच्या मधोमध. सस्पेन्शन उचललं की बॉडी वर जाते, चासी वर जाते, बंपर वर जातो. अॅक्सल मात्र आहे तिथेच राहतो, कारण त्याला जमिनीपासून धरून ठेवतो तो टायर. गोळा वर घ्यायचा तर मोठा टायर हवा, आणि तिथेही टायरचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्मीच उंची हाती लागते. मग लिफ्ट कशासाठी? मोठा टायर मडगार्डला न घासता वर-खाली हलावा, मुख्यतः यासाठी.

हे काही न समजता मी दिवाळीनंतर एका गॅरेजमध्ये गाडी लावली. ‘एकतीसचे टायर टाका, लिफ्ट मारून देतो, एका दुपारचं काम,’ असं उत्तर मिळालं. आणि खरंच एका दुपारी काम झालं. पुढच्या बाजूला टॉर्शन बारचे बोल्ट आवळून गाडीचं नाक वर घेतलं, मागे स्प्रिंगच्या पाट्यांना चासीशी जोडणारे शॅकल लांब लावले, १५ इंची रिम आणि ३१ बाय साडेदहाचे मड टायर चढवले. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकाकांनी मागेपुढे फिरून गाडी पाहिली. मलाही ती देखणी वाटत होती, हे खरं आहे.

पहिल्या आठवड्यातच पामबीच रोडच्या वळणावर गाडी एका अंगावर झुकू लागली. ६०च्या पुढे खालून एक घुमणारा आवाज यायचा. खड्ड्यात चाक गेलं की पुढून ‘ठाक’ असा लोखंडी धक्का बसायचा, जो आधी कधीच बसला नव्हता. सायन-पनवेल महामार्गावर खारघरच्या अलीकडे एकदा पुढची टॅक्सी अचानक थांबली. ब्रेक लागला, पण माझ्या पायाला सवय होती त्यापेक्षा गाडी लांब गेली. जड टायर थांबवायला ब्रेकना जास्त जोर लागतो. टॅक्सीच्या मागच्या काचेतून एक लहान मूल माझ्याकडे बघत होतं आणि माझा बंपर जवळजवळ त्या काचेच्या उंचीला होता. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

जानेवारीत भाच्याला घेऊन राजमाचीला निघालो. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडीला जाणारी ती वाट आमच्याकडच्या फोर बाय फोरवाल्यांना पाठ असते. एका ओघळीत उजवं चाक खाली लटकलं, डावं वर दाबलं गेलं आणि मी त्याच वेळी स्टिअरिंग वळवलं. फाटल्यासारखा आवाज आला. डाव्या टायरनं मडगार्डची आतली पत्र्याची कड पकडली होती आणि त्या कडेनं टायरच्या बाजूला बोटभर लांब चीर पाडली होती. टायरला बाजूनं चीर गेली की पंक्चर काढून भागत नाही, तो टायर बाद. स्टेपनी लावायला खाली वाकलो तेव्हा दिसलं, की पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूटही फाटला होता आणि ग्रीस रिमच्या आतून उडालं होतं. लिफ्ट मारूनही टायर घासला होता. भाचा म्हणाला, ‘मामा, मग उंची वाढवली कुठे?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर मिळालं फेब्रुवारीत, कळंबोलीत. स्टील मार्केटच्या आजूबाजूला ट्रकची कामं करणारे कारागीर रांगेनं बसतात. त्यात पाट्यांचं काम करणारे एक मामा आहेत, सातारच्या माण भागातले. आयुष्य ट्रकच्या कमानी उतरवण्या-चढवण्यात गेलेलं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खाली झोपून पाहिलं आणि विचारलं, ‘सायेब, टायर बसवायचाय का गाडी उंच दिसायला हवीय?’ टायर बसवायचाय, म्हटलं. ‘मग टायरलाच इचारायचं. आधी सगळं होतं तसं करू.’

टॉर्शन बार म्हणजे स्प्रिंगच्या जागी पीळ घेणारी लांब पोलादी सळई. बोल्ट आवळला की ती कडक होते, असं मी समजत होतो. तसं होत नाही. सळई तेवढीच राहते, फक्त चाकाचे हात खाली ढकलले जाऊन गाडी वर बसते. त्यामुळे चाकाला खाली लटकायला जी जागा होती ती आधीच खर्ची पडते. खड्डा आला की हात लगेच शेवटच्या रबरावर आपटतात. तोच माझा ‘ठाक’. शाफ्टचे सांधे कायम तिरके राहतात, म्हणून बूट फाटला. मागचा घुमणारा आवाज लांब शॅकलचा होता. शॅकलनं एक इंच उंची हवी तर तो दोन इंच लांब करावा लागतो. त्यात अॅक्सल जागच्या जागी गोल फिरतो, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि यूजे क्रॉसवर ताण येतो. चाक दबल्यावर ते वर किती जातं, यात मात्र या दोन्ही कामांनी तसूभरही फरक पडला नव्हता. आणि टायर घासतो तो चाक पूर्ण दबल्यावरच.

बोल्ट मूळ खुणेवर आले, शॅकल निघाले. आठ वर्षांत पाटे बसके झाले होते, ते मामांनी उतरवून पुन्हा मूळ कमानीला आणले, बुश बदलले. पाटा वाढवून घेऊ का, विचारलं तर नको म्हणाले. माल वाहणाऱ्या ट्रकला तो हवा, या हलक्या गाडीला नुसते दणके बसतील.

मग त्यांनी मडगार्डच्या आतून ओला खडू फासला. आत, कडेला, पायरीच्या कोपऱ्यापर्यंत, सगळीकडे पांढरा हात. डावं चाक लाकडी ओंडक्यांवर चढवलं, सस्पेन्शन दबून रबरी बंप स्टॉपला टेकेपर्यंत. मी सीटवर बसून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, मामा बॅटरी घेऊन आत बघत होते. उरलेला ३१चा टायर लावला तेव्हा दोन जागी खडू पुसला गेला: मागच्या खालच्या कोपऱ्यात हाताच्या पंज्याएवढा आणि वरच्या कडेला एक लांब पट्टा. नंतर माझ्या जुन्या १६ इंची रिमवर चढवून आणलेला २४५/७५ आर १६ लावला. वर एकही डाग नाही. पूर्ण वळवल्यावर खालच्या कोपऱ्यात नखाएवढा. तो मामांनी स्टिअरिंग स्टॉपचा बोल्ट जरासा बाहेर घेऊन घालवला. सगळी तपासणी दीड तासाची, खर्च एका खडूचा. हीच तपासणी मी टायर घेण्याआधी केली असती तर राजमाचीचा टायर वाचला असता.

त्या रात्री घरी कागद घेऊन बसलो. टायरवरचे आकडे वाचायला सोपे आहेत. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची बाजू उंच आहे ते, तिसरा रिमचा व्यास इंचांत. माझा कंपनीचा टायर २३५/७० आर १६, व्यास ७३५ मिलिमीटर. २४५/७५चा व्यास ७७४. एकतीस इंची टायर ७८७. व्यासातली वाढ निम्मी केली तर डिफरेन्शियल २४५/७५मुळे १९ मिलिमीटर वर जातो आणि एकतीसमुळे २६. दोघांतला नेमका फरक येतो पावणेसात मिलिमीटर. म्हणजे साध्या पेन्सिलीच्या जाडीएवढ्या उंचीसाठी मी बार आवळला, शॅकल लावले, रिम बदलले, बूट फाडून घेतला आणि एक टायर गमावला. वर तो टायर कंपनीच्या टायरपेक्षा ३२ मिलिमीटर जास्त रुंद, म्हणूनच कडेला लागत होता. स्पीडोमीटरवर ८० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ८५च्या पुढे पळत होती, ते वेगळंच. २४५/७५लाही हा फरक पडतोच, ८०ला ८४. ते आता लक्षात ठेवून चालवतो.

कायद्याचंही मी उशिराच वाचलं. ९ जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ स्पष्ट केला: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. टायरच्या मापाबद्दल मी विमा कंपनीला लेखी कळवलं आणि पोच घेतली. पण खरं सांगायचं तर मला थांबवलं ते त्या कलमांनी नाही. महामार्गावर माझ्या पुढे जी छोटी गाडी असते, तिच्यात कोण बसलंय हे आता मला दिसतं.

नव्या थारच्या मालकांनाही हाच हिशेब लागू आहे. २०२०च्या थारला १८ इंची रिम असेल तर २५५/६५ आर १८ टायर येतो आणि अनेकांना २८५/६५ हवा असतो. व्यास ३९ मिलिमीटरनं वाढतो, पोटाखाली साडेएकोणीस मिळतात, रुंदी मात्र ३० मिलिमीटर वाढते. या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग आहेत, म्हणून दुकानदार स्पेसर सुचवतात. बसलेली गाडी त्यानं उंच दिसेल. चाक पूर्ण दबल्यावर टायर कुठे लागतो हे त्यावरून ठरणार नाही. खडू लावून बघा, मग पाकीट काढा.

आणि वाटेवर गेलात की आधी टायरची हवा कमी करा. राजमाचीला मी आता ३० पीएसआयवरून १८वर आणतो. टायर पसरतो, दगडाला चिकटतो, गाडी कमी उसळते. लिफ्टनं जे मिळेल असं मला वाटलं होतं, त्यातलं बरंचसं या पाच मिनिटांच्या कामात मिळालं. परतीच्या डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरायची, त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर सीटखाली ठेवलाय.

त्या फेब्रुवारीपासून गाडी तशीच आहे. राजमाचीला त्यानंतर चार वेळा जाऊन आलो, त्याच ओघळीतून. चौथ्या वेळी भाच्यानं उधेवाडीला उतरून मडगार्डच्या आत बोट फिरवून पाहिलं. मी निघण्याआधी तिथे खडू लावून ठेवला होता. तो जसाच्या तसा होता.